न्यूझीलंडला नेलेली जीपची फाईल

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाही तर चहा प्या आणि उठा!

माझी लेक सुजाता न्यूझीलंडला असते. आम्ही नवराबायको तिच्याकडं जायचं ठरलं, तसं मी रामनगरच्या बाजारात जाहीर करून टाकलं, "तिथं गाडी मीच चालवणार. शांताला शेजारी बसवून समुद्र दाखवणार!" शांतानं ते साऱ्या गल्लीला सांगितलं. आता माघार कसली घेता?

फोनवर लेक म्हणाली, "बाबा, इथं विम्याशिवाय भाड्याची गाडी चालवता येत नाही हं."

हे मला सांगते! जन्म गेला माझा अनमोड घाटातून गोव्याला जीप नेण्यात. हद्द ओलांडली की पोलीस कागद मागणारच. मी जीपची पॉलिसी काढली, आरसी काढली, धुराचं सर्टिफिकेटसुद्धा घेतलं आणि झकास फाईल केली.

तिथं भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरवर मी ती फाईल अशा काही रुबाबात ठेवली म्हणता! काउंटरवरच्या बाईनं चष्मा लावला. पानं पुढं उलटली, मागं उलटली. मग सुजाताला काहीतरी विचारलं.

"बाबा, ती विचारते, ही जीप कुठं आहे?"

"कुठं म्हणजे? रामनगरात, गोठ्याशेजारी!"

लेकीनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, तो विमा त्या जीपचा आहे, तुमचा नाही! इथल्या गाडीचा इथंच मिळतो. तुम्ही फक्त लायसन द्या."

एवढंच ना? मी या खिशात हात घातला, त्या खिशात घातला, आणि मग आठवलं. लायसन जीपमध्येच होतं! आमच्याकडं ते काचेवरच्या ऊन अडवायच्या फळीतच खोचलेलं असतं. घरातला जो कोणी जीप काढेल, त्याच्या कामाला यावं म्हणून.

शांता म्हणाली, "जीपचं सगळं संगट आणलासा, आनि तुमचं तेवढं जीपमदी ठिवून आलासा व्हय?"

मी धाकट्या भावाला फोन लावला. "भरमा, लायसन हाय न्हवं जीपमदी?"

"हाय की अण्णा! आत्ताच अनमोडला दाखवून सुटलो. पोलीस म्हनला, फोटोत लई म्हातारा दिसतोस!"

शेवटी गाडी सुजातानं चालवली. शांता ऐटीत पुढं बसली. मी मागं, मांडीवर फाईल घेऊन. माझं लायसन तिकडं घाट उतरत होतं आणि मला इथं कुणी हॉर्नसुद्धा वाजवू देत नव्हतं.

तेवढ्यात शांता मागं वळली. "पट्टा बांधा की हो! विमा जीपचा हाय, तुमचा न्हाई."