‘प्लीज’साठी गेलेलं नाव

माझ्या नवऱ्याचं नाव त्यांच्याच कॉम्प्युटर प्रोग्राममध्ये नाही.

कुणी चोरलं नाही. यांनी स्वतःच्या हाताने काढलं.

आज हे जाऊन वर्ष झालं, म्हणून सांगते. वर्षभर गप्प बसले हेच खूप झालं, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

इथे चंदीगडला इंडस्ट्रियल एरियातल्या कारखान्यात नोकरीला लागल्यावर यांनी एक होम कॉम्प्युटर घेतला होता. टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून प्रोग्राम चढवायचा, असला. आमचं नवीन लग्न. मला वाटलं होतं, फ्रीज येईल.

नंतर घरं बदलली, तेव्हा सामान ट्रकमध्ये आणि तो डबा यांच्या मांडीवर.

रिटायर झाल्यावर यांच्या डोक्यात आलं, याला इंटरनेट जोडायचं.

"काहून?" मी म्हटलं. नागपूरची आहे, असंच विचारते. "फोनवर आहे ना इंटरनेट."

"फोनवर आहे. याच्यावर नाही ना."



एक छोटंसं वाय-फायचं बोर्ड आणून मशीनच्या मागे जोडलं. पण नुसतं जोडून काय होतंय? नेटवरून आलेलं त्या मशीनला कळेल असं करून देणारा प्रोग्राम लागतो. तो यांनी लिहिला.

आणि मेमरी किती? तुमचा एक गुड मॉर्निंगचा फोटो मावणार नाही, एवढी.

जुन्या कॉम्प्युटरवाल्यांचा ऑनलाइन फोरम होता. तिथले लोक म्हणाले, मोठ्या मॉडेलसाठी लिहा, छोट्याचा नाद सोडा. हे ऐकेनात. "ज्यांच्याकडे छोटंच आहे, त्यांनी काय करायचं?"

आमच्या टीव्हीवर पहिल्यांदा आलं ते चंदीगडचं तापमान.

शेजारचे ग्रेवालजी बघायला आले. "ओ जी, इतना तो खिड़की खोल के भी पता चल जाता," म्हणाले. आणि मग दोनदा पुन्हा करून दाखवायला लावलं.

यांनी तो प्रोग्राम फोरमवर टाकला.

आणि सुरू झाल्या तक्रारी. चालत नाही. मशीन मरतं.

आमच्याकडे तर रोज चालत होतं. यांनी वायरी बदलल्या, सगळा कोड पुन्हा तपासला. जेवणात लक्ष नाही. "माझ्या घरी चालतंय आणि बाहेर कुठेच नाही," म्हणाले. चेहरा एवढासा झाला होता. मला बघवेना.

एका दुपारी मी मटार सोलत समोरच बसले. यांनी बटण दाबलं आणि टीव्ही काळा झाला.

"अहो, टीव्ही गेला."

"गेला नाही. मशीन ऐकतंय."

"म्हणजे?"

मग यांनी समजावलं. मशीन इतकं लहान, की पडद्यावर दाखवणं आणि नेटवरचं ऐकणं दोन्ही एकदम जमत नाही. म्हणून ऐकेपर्यंत पडदा काळा ठेवायचा. ऐकून झालं की चित्र परत येतं.

"हे लोकांना सांगितलं का?"

"त्यात काय सांगायचं? ते तर कळतंच..." म्हणाले, आणि मध्येच थांबले.

घ्या. तिकडे लोक काळा पडदा बघून वायर ओढतायत, आणि इकडे आमचे इंजिनिअरसाहेब वायरी बदलतायत.

पडदा काळा होण्याआधी दोन शब्द दाखवायचे ठरले. लिसनिंग, वेट.

"प्लीज घाला," मी म्हटलं. "लोक आधीच तापलेत."

"जागा नाही."

"करा."

मेमरी ठासून भरलेली. यांनी वरपासून खालपर्यंत शोधलं. सुरुवातीच्या स्क्रीनवर यांचं नाव होतं, तेवढंच काय ते काढण्यासारखं. ते काढून तिथे प्लीज बसवलं.

मी चिडले. "नाव काय काढता? राहू द्या मग ते प्लीज."

"नावाने कुणाचं मशीन चालत नाही," हे म्हणाले. "प्लीजने लोक थांबतील."

थांबले लोक. कुठकुठल्या देशांतून फोटो यायला लागले, जुने टीव्ही आणि त्यावर यांचा प्रोग्राम. पुढे तो फोरम बंद पडला. प्रोग्राम मात्र लोक एकमेकांना देत राहिले, नावाशिवाय.

मग आयटी पार्कमध्ये अशा जुन्या मशीनवाल्यांचा मेळावा होता. हे आजारी होते, तरी हट्टाने गेले.

स्टेजवरच्या बाईंनी नेमका यांचाच प्रोग्राम लावला. "किसने लिखा, पता नहीं," त्या म्हणाल्या. "ऑथर अननोन. लेकिन जिसने भी लिखा, कमाल का आदमी होगा."

मी ताडकन उठले.

यांनी माझा पदर धरला. "बस खाली."

"अहो, पण..."

"चालतंय ना? बघू दे मला."

स्क्रीनवर लिसनिंग, प्लीज वेट आलं आणि पडदा काळा झाला. अख्खा हॉल शांत बसून राहिला. कुणी वायरीला हात लावला नाही. मग पान उमटलं आणि टाळ्या पडल्या.

हेही टाळ्या वाजवत होते, दुसऱ्याच कुणाचं कौतुक असल्यासारखे. मला राग आला, रडू आलं, आणि इतका अभिमान वाटला की काय सांगू.

त्या दिवशी मी यांचं ऐकलं. बसले खाली.

आता पदर धरायला कुणी नाही.

लग्न झाल्यापासून मी यांना ‘अहो’शिवाय हाक मारली नाही. नाव घेतलं ते उखाण्यात, तेही सासूबाईंनी दारात अडवलं म्हणून. आज तुमच्या सगळ्यांसमोर घेते.

तो प्रोग्राम दिनकर माधव पाथ्रीकर यांनी लिहिला. राहणार चंदीगड. माझे यजमान.

खाली कमेंटमध्ये श्रद्धांजली वाहाल, तर हे नाव पूर्ण लिहा.