समासबाईंच्या बावीस फायली

समासबाईंचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायची कुणाची हिंमतही नव्हती. कॉलेजसमोरच्या गल्लीत तीन पायऱ्या चढून गेलं की त्यांचं टायपिंगचं दुकान लागायचं. आत दोन संगणक, छपाईचं एक यंत्र आणि भिंतीला टेकलेल्या लोकांच्या प्रबंधांच्या थप्प्या. डावीकडचा समास दीड इंचाला एक केस जरी कमी पडला तरी बाई कागद परत काढायच्या. कुणी म्हणालं, बाई, कोण बघतंय एवढं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: मी बघते. बारा आणि साडेबारा आकाराच्या अक्षरांतला फरक त्या हातभर लांबून ओळखायच्या. लोक त्यांना भ्यायचे आणि काम मात्र त्यांच्याचकडे आणायचे.

नवरा छापखान्यात प्रूफं तपासायचा. दोघांची ओळख तिथलीच. ती अक्षरं जुळवायची आणि तो त्यांत लाल खुणा करायचा. पहिली तीन वर्षं दोघांचं जे काही बोलणं झालं ते या लाल खुणांतूनच. लग्नानंतर फक्त कामाची वाटणी उलटी झाली, चुका ती काढायला लागली. माणूस मोठा गमत्या. छापून झाल्यावर एखादी चूक सापडली की कपाळाला हात लावून न बसता तो शांतपणे म्हणायचा, "सुटलं बघ नजरेतून." आणि बायकोबद्दल चारचौघांत सांगायचा की माझ्या नजरेतून सुटेल एखादं, हिच्या नाही सुटायचं.

निवृत्तीला चार वर्षं असताना एके दिवशी त्याने छापखाना सोडला. मालक घरी येऊन विनवून गेले. पुरे झालं आता, एवढंच तो म्हणाला. बाई चिडल्या, पण दुपारी तो दुकानात येऊन बसायला लागला तेव्हा त्यांना ते आवडायलाही लागलं. मागच्या बाजूचा जुना संगणक त्याने ताब्यात घेतला आणि छापखान्यातल्या माणसांच्या आठवणी लिहायला घेतल्या. बाईंनी अट घातली, एक प्रकरण, एक फाइल. सगळं एकात कोंबलं तर ते म्हातारं यंत्र जागेवर बसेल. त्याने अट पाळली, पण फायलींना नावं देताना मूळ स्वभाव गेला नाही. 'तीन', 'तीन नवीन', 'तीन खरोखरचं', 'चार, हिला दाखवू नये'. बाई ती नावं बघून हसायच्या, फाइल मात्र उघडायच्या नाहीत. समोर कुणाचा तरी प्रबंध असायचा, आणि तो उद्याच द्यायचा असायचा.

मधूनच तो मागून हाक मारायचा, जरा बघतेस का गं, ओळ सरळ आहे ना. बाई मान न वळवता म्हणायच्या, कामाच्या वेळी मध्ये येऊ नका. एकदा त्यांनी जाता जाता पाहिलं तर पडद्यावर लिंबाएवढी अक्षरं. पडदा फुगवून ठेवलाय, आळशी माणूस, चष्मा पुसायला नको, असं म्हणून त्या पुढे गेल्या. सकाळचं वर्तमानपत्र तो त्यांच्याकडून वाचून घ्यायला लागला. तुझ्या आवाजात वाईट बातम्याही बऱ्या वाटतात, म्हणायचा. रस्त्याने चालताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला लागला. तीस वर्षांच्या संसारात त्याने असं कधी केलं नव्हतं. या वयात लाडात आलेत, असं म्हणून बाई लाजायच्या आणि मनातून खूश व्हायच्या.

मग एका भर दुपारी, लख्ख उजेडात, दुकानाच्या त्याच तीन पायऱ्यांवरून तो पडला. मधली पायरी चुकली आणि डोकं खालच्या दगडावर आपटलं. दवाखान्यात मुलगी धावत आली तेव्हा तो शुद्धीवर होता. बाई भेदरल्या होत्या, आणि भेदरल्या की त्या रागावतात. मुलीसमोर, नर्ससमोर त्या त्याला म्हणाल्या, "डोळे कुठे होते तुमचे? रोजची पायरी दिसली नाही?"

तो हसला. "सुटली नजरेतून," म्हणाला.

नवव्या दिवशी तो गेला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाईंनी तेच सांगितलं, जन्माचे वेंधळे, पायाकडे कधी लक्षच नाही. रागाच्या आधाराने त्यांनी ते दिवस काढले.

सात महिन्यांनी परगावातल्या मुलीचा फोन आला. बाबांच्या त्या फायली जोडून एक पुस्तक करशील का, असं तिने विचारलं. मी येईन तेव्हा घेऊन जाईन. बाई हो म्हणाल्या. दुसऱ्यांच्या बापांची पुस्तकं एवढी केली, हे तर घरचं.

फायली जोडणं हा लोकांना पोरखेळ वाटतो. एकातलं उचललं, दुसऱ्यात टाकलं, झालं. पण पहिली फाइल कडक सासूसारखी असते, आत येणाऱ्या प्रत्येकीला आपलं वळण लावते. तिरपी अक्षरं ताठ होतात, तळटीपा हरवतात, एका प्रकरणाचा मथळा दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. म्हणून बाईंची रीत पक्की होती. प्रत्येक प्रकरणानंतर विभाग तोडायचा आणि पुढची फाइल तिच्या मूळ मांडणीसकट, जशीच्या तशी आत घ्यायची. सगळ्या आत आल्या, काही सांडलं नाही याची खात्री झाली, की मग शेवटी एकाच फटक्यात सगळ्यांना एका वळणाचं, एका आकाराचं अक्षर द्यायचं.

जुने खर्डे वगळून त्यांनी प्रत्येक प्रकरणाची शेवटची फाइल तेवढी घेतली आणि मजकुराकडे न बघता तसंच केलं. फाइल न उघडताही आत घेता येते, आणि त्यांना उघडायची नव्हतीच. वाचायला लागल्या असत्या तर हात चालले नसते. बाविसावी फाइल आत गेली आणि त्यांनी कोपऱ्यातला पानांचा आकडा पाहिला. नव्वदच्या आसपास पानं व्हावीत असा त्यांचा अंदाज होता आणि त्यांचा अंदाज कधी चुकत नसे. आकडा होता दोनशे अकरा.

कोरी पानं घुसली असणार, असं त्यांना वाटलं. शोधायला त्यांनी पडद्यावरची पानं लहान केली, एका ओळीत आठ, अशा ओळींवर ओळी. या आकारात मजकूर वाचता येत नाही, नुसत्या करड्या रेघा दिसतात. पहिल्या सहा प्रकरणांच्या तशाच दिसल्या. सातव्यापासून रेघा जाड झाल्या. बाराव्यात काना आणि वेलांट्या ओळखू यायला लागल्या. सतराव्यात शब्द वाचता येत होते. बाविसाव्यात एका पानावर जेमतेम वीस शब्द होते. बाईंनी चष्मा काढला. तरीही वाचता येत होतं.

कोरं पान एकही नव्हतं.

त्यांनी एकेका प्रकरणावर जाऊन अक्षराचा आकार पाहिला. बारा, बारा, चौदा. मग सोळा, वीस, अठ्ठावीस, छत्तीस. शेवटी बहात्तर. शेजारी त्यांनी फायलींच्या तारखा काढल्या, आणि तारखा बोलायला लागल्या. आठवं प्रकरण लिहिलं त्याच आठवड्यात वर्तमानपत्र वाचून दाखवायला सुरुवात झाली होती. सोळाव्याच्या सुमाराला खांद्यावर हात आला होता. बाविसावं प्रकरण पडण्याच्या चार दिवस आधीचं होतं. दीड वर्षं तो बाईंच्या पाठीमागे, सहा हातांवर बसून आंधळा होत होता. त्याने ताकास तूर लागू दिली नाही हे खरं. पण अर्ध्या पॉइंटाचा फरक ओळखणाऱ्या बाईला सहा हातांवरचं बारा ते बहात्तर दिसलं नाही, हेही खरं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो एवढा दाट असतो हे त्यांना माहीत नव्हतं.

आणि त्या त्याला विचारत होत्या, डोळे कुठे होते तुमचे.

हात सवयीने पुढच्या कामाला लागला. त्यांनी सगळा मजकूर निवडला आणि अक्षराचा आकार बारा केला. दोनशे अकराची अठ्ठ्याऐंशी पानं झाली. समास सरळ, ओळी सारख्या, नजर लागावी असं पुस्तक. आता कुणाला काही कळणार नव्हतं. मुलगी ते कौतुकाने घेऊन गेली असती, दवाखान्यातलं ते वाक्य नुसतं वाक्य राहिलं असतं, आणि तो वेंधळा ठरला होता तसा वेंधळाच राहिला असता. समोरचा चहा निवला तरी बाई त्या नीटस पानांकडे बघत बसल्या. जन्मभर त्यांनी लोकांच्या कागदांतले खाचखळगे बुजवले होते, त्याचा अभिमान बाळगला होता. आज पहिल्यांदा त्यांना आपल्या कामाची लाज वाटली.

त्यांनी शेवटची क्रिया मागे घेतली. अठ्ठ्याऐंशीची पुन्हा दोनशे अकरा झाली.

शेवटच्या प्रकरणांत चुकाही खूप होत्या. शब्द चिकटलेले, मात्रा गळलेल्या, एक आख्खी ओळ दोनदा आलेली. त्या माणसाच्या हातून अशा चुका होणं म्हणजे काय हे बाईंइतकं कुणाला कळणार? त्यांनी एकीलाही हात लावला नाही. बांधणीवाल्याने पानं उलटून पाहिली आणि बिचकत विचारलं, छपाईत काही गडबड झालीय का, शेवटी शेवटी अक्षर फारच मोठं येतंय. बरोबर आहे, असंच बांध, बाई म्हणाल्या. समासबाई असं म्हणाल्या यावर त्याचा विश्वास बसेना.

मुलगी आली ती दुपारची. दुकानातच, बाबांच्या खुर्चीवर बसून तिने पुस्तक उघडलं. सुरुवातीची पानं ती हसत वाचत होती. मग हसणं थांबलं. बाई समोर उभ्या होत्या. आठ दिवस त्यांनी काय सांगायचं ते मनात घोटलं होतं, पण ऐनवेळी सगळं सोडून साधंच बोलल्या.

"हे असंच होतं. मी काही बदललं नाही. त्यांना दिसत नव्हतं गं, आणि मी ते पाहिलं नाही. वर त्यांना काय बोलले ते तुझ्यासमोरच बोलले."

मुलीने पुस्तक मिटलं नाही. वरही पाहिलं नाही. "मला माहीत होतं, आई," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, छापखाना सोडण्याआधी, बाबा तिच्याकडे चार दिवस राहायला गेले होते ते डोळे दाखवायलाच. त्यावर उपाय नाही, हळूहळू सगळंच जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आईला सांगायचं नाही अशी त्यांनी शपथ घातली होती. तिला कळलं तर ती दुकानाला कुलूप लावून माझा हात धरून बसेल, आणि काम नसलं की ती जगायची नाही, असं त्यांचं म्हणणं. दवाखान्यात आईचे शब्द ऐकले तेव्हा ते सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. पण बाबा हसले, म्हणून तीही गप्प बसली. त्या गप्प बसण्याने गेले सात महिने तिला धड झोप नव्हती.

बाई खाली बसल्या. मुलगी दोष देईल या भीतीने त्यांनी आठ दिवस काढले होते. घरात फक्त आपल्यालाच माहीत नव्हतं, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"मी त्यांना म्हटलं होतं," मुलगी पुढे म्हणाली, "बाबा, असं किती दिवस लपवणार. तर म्हणाले, लपवतोय कुठे, रोज तिच्याच दुकानात लिहितोय. एक ना एक दिवस ती मागे वळून बघेलच. तिच्या नजरेतून काही सुटत नाही."

गल्लीत कुणी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मुलीच्या गुडघ्यावर डोकं टेकून बाई एवढंच म्हणत राहिल्या, "सुटलं गं. सुटलं नजरेतून." दारात एक गिऱ्हाईक कागद घेऊन आलं, क्षणभर थबकलं आणि पायऱ्या उतरून निघून गेलं.