चाखल्याशिवाय छापणार नाही

आमच्या साडूभाऊंइतका प्रामाणिक माणूस छपाईच्या धंद्यात पुन्हा जन्माला येऊ नये, असं मी अगदी मनापासून म्हणतो. वर्ध्याच्या स्टेशनाजवळ त्यांचा छोटा प्रेस होता. बाकीचे लग्नपत्रिका छापून सुखी होते. हे फक्त हॉटेलांची मेनूकार्डं छापत, आणि जो पदार्थ त्या हॉटेलात बसून स्वतः खाल्ला नाही, त्याचं नाव काही केल्या छापत नसत. नव्वद सालानंतर आमच्याकडच्या ढाब्यांना चायनीजची लागण झाली, तेव्हा सेलूकडच्या एका मालकानं तीन चायनीज पदार्थ यादीत दिले. साडूभाऊंनी तिन्ही पदार्थ कान लाल होईपर्यंत खाल्ले आणि कार्डावर एकच नाव छापून खाली लिहिलं, 'बाकीचे दोन असेच लागतात.' मालक भांडायला आला, तर त्यालाच डोळे मिटून खायला लावले आणि कोणता कोणता ते ओळखायला सांगितलं. त्याला ओळखता आलं नाही. कार्ड मात्र त्यानं दुसरीकडून छापून घेतलं.

टिकाऊपणाचं वेड तर विचारूच नका. कार्डाला प्लॅस्टिक चढवताना ते कागदाबाहेर बोटभर सोडायचं, नाहीतर तर्रीचं तेल कडेनं आत शिरतं, हा त्यांचा सिद्धान्त. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, दर रविवारी पोह्यांवर ओतायला झणझणीत तर्री करायची. त्या तर्रीत आधी मेनूकार्ड बुडायचं, मग आम्ही खायला बसायचो. परिणाम एवढाच झाला, की एकदा आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलंच नाही. बसस्टँडमागच्या खानावळीत मालक बदलला, आचारी बदलला, कार्ड तेच. हे किस्से मी लग्नाकार्यात रंगवून सांगायचो. लोक हसायचे, साडूभाऊही हसायचे. मी कौतुक करतोय असं त्यांना वाटायचं.

पुढे कॉम्प्युटरवर तासाभरात रंगीत कार्ड काढून देणारी दुकानं आली आणि त्यांच्या प्रेसला आठवडा आठवडा कुलूप राहू लागलं. त्याच सुमारास माझ्या मुलानं सेवाग्राम रोडवर हॉटेल काढायचं ठरवलं. साडूभाऊ मुद्दाम दाढीबिढी करून घरी आले. म्हणाले, याचं कार्ड मीच करीन, प्रेस बंद करायच्या आधी एक तरी घरचं काम होऊ द्या. मुलाच्या यादीत शंभरावर पदार्थ होते आणि त्यातले निम्मे आचाऱ्यानं फक्त ऐकले होते. मुलगा म्हणाला, मावसाजी खायला बसले तर पाव यादी उरेल. मला मुलाला दुखवायचं नव्हतं आणि साडूभाऊंना तोंडावर नाही म्हणायची छाती नव्हती. मी सांगून टाकलं, की कार्ड छापायचंच नाही, भिंतीवर बोर्ड लावणार आहोत. त्यांना पटलं. अक्षरं लांबून दिसतील एवढी मोठी ठेवा, असंही त्यांनी बजावलं.

उद्घाटनाला ते मेहुणीला घेऊन आले. वेटरनं सगळ्यांसारखंच त्यांच्याही पुढ्यात नागपूरहून छापून आणलेलं चकचकीत कार्ड ठेवलं. मी समोरच उभा होतो. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू सावकाश वाचल्या, मग चारी भिंतींकडे पाहिलं आणि वरणभात मागवला. जेवण झाल्यावर हात धुवायच्या नळापाशी मी त्यांना गाठून काहीतरी पुटपुटलो.

"कार्ड मले नाई दिलं, त्याचं काई नाई," ते म्हणाले. "पण माह्यासंग खोटं काऊन बोलले, साडूभाऊ?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी तरी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

हॉटेल चाललं, चांगलंच चाललं. प्रेसचं मशीन भंगारात गेलं. साडूभाऊ आता मुलीकडे अमरावतीला असतात. दर सणाला माझ्या बायकोला फोन करतात आणि माझी तब्येत न चुकता विचारतात. बायको फोन माझ्यापुढे धरते, तेव्हा मी खुणेनं सांगतो, की घरी नाही म्हण. ती तसं सांगते, आणि त्यांना तेही खरं वाटतं.