भांडणाचा तास

दोन हजार चौदाच्या आसपासची गोष्ट. सिंगापुरात, सेंगकांगला एका रहिवासी ब्लॉकखालच्या खोलीत आम्हा मराठी पालकांचा रविवारचा मराठी वर्ग चालायचा. त्याच्या शिक्षण समितीचा अध्यक्ष निवडून यायचा. निवडून म्हणजे काय, चौघांनी आधीच ठरवायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. बिनविरोध झालं की आपण फार सुसंस्कृत, अशी आमच्या लोकांची ठाम समजूत. दुसरं नाव पुढे आलं तर भर पंगतीत कुणी शिवी दिल्यासारखे चेहरे होत.

त्या वर्षी एक बँकवाले साहेब उभे राहिले. कॉन्डोत, म्हणजे तरणतलाववाल्या महागड्या खासगी संकुलात राहणारे. त्यांची स्वतःची मुलं फ्रेंच शिकत होती. शिक्षणाशी त्यांचा संबंध एवढाच, की सासरे गावाकडच्या एका शाळेचे अध्यक्ष होते. "शिक्षण आमच्या रक्तातच आहे," ते सांगत. सासऱ्यांचं रक्त जावयात कुठून आलं, हे कुणी विचारलं नाही. त्यांचा परिचय मी लिहिला. 'शैक्षणिक वारसा लाभलेले' हे शब्द माझे. लिहिताना हसू येत होतं, तरी लिहिले.

अडचण एकच होती. वर्ग शिकवणाऱ्या बाईंनीही नाव दिलं होतं. त्या लांबच्या वुडलँड्सहून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने यायच्या. शेवटची पंधरा मिनिटं त्या मुलांना भांडायला लावत, फक्त मराठीत. "तू माझा डबा का खाल्लास?" "खाल्ला तर खाल्ला, काय करशील?" नुसता कल्ला. बाईंचं म्हणणं, ज्या भाषेत भांडता येतं तीच आपली. माझी मुलगी त्या तासासाठीच जायची. घरी येऊन मला म्हणायची, "बाबा, तुम्ही अगदी कटकटे आहात." मला गुदगुल्या व्हायच्या.

साहेबांना हा तास असभ्य वाटे. ते अध्यक्ष झाले तर तो बंद होणार हे उघड होतं. म्हणून बाई उभ्या राहिल्या होत्या आणि हात वर करून मतदान झालं असतं तर जिंकल्याही असत्या.

त्यांना समजवायला मीच गेलो. साहेब ज्या बँकेत वरच्या जागेवर होते, तिचंच काम माझ्याकडे होतं आणि इथे नोकरीसाठी लागणारा माझा पास नूतनीकरणाला आला होता. त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, हे इथे लिहितो. न मागता वाकणाऱ्यांतला मी.

"बाई, बिनविरोध झालं तर बरं दिसेल," मी म्हटलं.

"कुणाला?"

"म्हणजे... सगळ्यांनाच. उगाच आपल्यात दोन गट नकोत."

"गट कुठले? तुम्हाला हात वर करायची भीती वाटते, एवढंच." मग चहा पुढे सरकवून म्हणाल्या, "तास बंद पडणार नाही ना, भाऊ?"

"माझी जबाबदारी," मी म्हणालो.

त्यांनी नाव मागे घेतलं. सभेत साहेबांना शाल मिळाली. भाषण त्यांनी इंग्रजीत केलं, अधूनमधून 'मायमराठी' पेरत. टाळ्या मोठ्या वाजल्या. माझ्याही.

पुढच्याच महिन्यात भांडणाचा तास गेला आणि वक्तृत्व आलं. मुलं रोमन लिपीतली भाषणं पाठ करू लागली, पालक फोन वर धरून चित्रीकरण करू लागले. समितीत विषय निघाला तेव्हा मी पाण्याची बाटली उघडत बसलो होतो. बाई यायच्या थांबल्या. फोन करून त्यांनी मला चार शब्द सुनावलेही नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. माझा पास झाला. साहेबांच्या शब्दाने झाला की आपसूक, ते मला आजही ठाऊक नाही. म्हणजे कदाचित मी फुकटच विकला गेलो.

मुलगी आता कॉलेजात आहे. बोलते नीट, पण इंग्रजीत, आणि आवाज चढवत नाही. परवा तिला हे सगळं सांगितलं. तो तास मीच घालवला, असं सरळ म्हणालो. वाटलं, आता चिडेल, कटकटे म्हणेल, कुठल्या तरी रागात एखादं वाक्य मराठीत निसटेल.

ती हातातल्या फोनमधून मान वर काढून म्हणाली, "इट्स ओके, बाबा. सो लाँग अगो ऑलरेडी लाह."

"ओके कसं? भांड ना माझ्याशी."

"अबाऊट व्हॉट?" तिने हसून विचारलं, आणि माझ्यासाठीही चहा टाकायला आत गेली.