माझी सव्वा मूठ

धुळ्याच्या नर्सिंग कॉलेजातून बाहेर पडले, वर्षभर डोकं फोडून जर्मन भाषा शिकले आणि तिकडच्या एका लहान शहरातल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली. तिकीट निघालं ते नेमकं श्रावणात, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनानंतर दोन दिवसांनी. आई म्हणाली, "देवीनेच जुळवून आणलं." आबा, म्हणजे माझे वडील, काहीच म्हणाले नाहीत. पाचोऱ्याला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर जळालेल्या पंपात तांब्याची तार भरत बसणारा माणूस, बोलण्यात मुळातच कंजूष.

नातेवाईक मात्र आबांची कसर भरून काढत होते. "एवढ्या लांब पोरीला?" "लग्नाचं काय?" "तिकडे म्हाताऱ्यांचं हगणंमुतणंच काढायचं ना?" या शेवटच्या प्रश्नाला मी "हो" म्हणायचे. खरंच तर होतं. मग विचारणाऱ्याचीच पंचाईत व्हायची.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई. दिवाळीला एक वेळ कुणी येणार नाही, पण कानबाईला सुरतेपासून पुण्यापर्यंतची सगळी भाऊबंदकी गावात आबांच्या थोरल्या भावाच्या घरी जमते. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. देवी बसायच्या आदल्या दिवशी नाना रोटांसाठी गहू मोजतात. घराण्यातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचा. सव्वाच, नुसती मूठ चालत नाही. त्या गव्हाच्या पिठाचे रोट, म्हणजे जाडजूड पोळ्या, होतात. ते भाऊबंदकीबाहेर कुणाला द्यायचे नाहीत, गावाची वेस ओलांडून न्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. लग्न झालेल्या लेकींना त्यातला घासही मिळत नाही. बिनलग्नाच्या पोरी खातात, पण मोजल्या जात नाहीत. लहानपणापासून मी दुसऱ्यांच्याच वाट्याचे रोट खात आले होते आणि त्याचं मला कधी काही वाटलंही नव्हतं.

त्या वर्षी वाटलं. का, ते नीट सांगता येत नाही. बॅग भरून तयार होती, आईने त्यात शेवेच्या भाजीचा मसाला आणि उडदाचे पापड कोंबले होते, आणि मला मनातून भयंकर भीती वाटत होती. आपण एकदा गेलो की या घरात आपली जागा कुठे राहणार, हा प्रश्न काही केल्या पाठ सोडत नव्हता.

नाना पाटावर बसले. आधी स्वतःचं नाव, मग आबांचं, मग काका, चुलतभाऊ, असं वयाच्या उतरंडीने चाललं. सुरतेहून या खेपेला न आलेल्या चुलतभावाचंही नाव आलं. शेवटी चुलतभावाच्या पाळण्यातल्या बाळाचं. दात नाहीत, मान धरत नाही, पण सव्वा मूठ त्याची. नानांनी हात झटकले. "बठ्ठासनं झायं." सगळ्यांचं झालं.

"नाना, माझी?" मी म्हणाले.

बायका हसल्या. नानाही हसले. "पोरीसना गहू मोजतस नही."

"सुरतेवाला तर आलाही नाही. त्याचा मोजला."

"तो घरना शे."

"आणि मी?"

"तू उद्या दुसरासना घरनी." हे त्यांनी अगदी मायेने सांगितलं. तेच जास्त लागलं.

आईने डोळे वटारले. माझ्या रागाचं खापर आई नेहमी आजोळच्या रक्तावर फोडते, म्हणजे स्वतःच्याच. मी पुढे वाकले, पोत्यात हात घातला, मोठ्याने माझं नाव घेतलं आणि मूठभर गहू सुपात टाकला. सुपात पडलेला गहू देवीचा झाला, तो परत काढता येत नाही. आणि कोणता गहू कुणाचा हे तर देवीलाही सांगता आलं नसतं.

"हाई काय करं वो पोरी?" नाना म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण चेहरा उतरला होता. मला वाटलं, आता उठून जातील, आणि घरातली कानबाई माझ्यापायी बिघडेल. तरी माघार घ्यावीशी वाटेना.

मग इतका वेळ भिंतीला टेकून बसलेले आबा बोलले. "भाऊ, तिनी नुसती मूठ टाकी. सव्वा नही झायी."

रागाच्या भरात वरची पाव मूठ मी विसरलेच होते. आता मोठीच अडचण आली. देवीचं माप अर्धवट राहिलं तर ते सगळ्यांच्याच अंगावर. नानांनी सुपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आबांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पुटपुटत पोत्यात चार बोटं घातली आणि चिमूटभर गहू सुपात सोडला.

"टाका तं टाका," म्हणाले, "पन तुना वाटाना खाई कोन? तू तं उडी जाशी."

खरंच होतं. सोमवारी नदीवर नाचून देवीला निरोप दिला, बुधवारी मी मुंबईला निघाले. तोवर जमतील तेवढे रोट खाल्ले. आबा जळगाव स्टेशनपर्यंत सोडायला आले, आणि गाडी सुटेपर्यंत फक्त पाण्याची बाटली भरून घेतली का, एवढंच विचारत राहिले.

पौर्णिमेला आईचा फोन आला. पोरं रोटांना कंटाळली होती, सुना पोट दुखतंय म्हणत होत्या, आणि रोट तोवर वाळून खडखडीत झाले होते. उरलेले नानांनी पुढ्यात ओढले म्हणे. दात नाहीत, तर दुधात कुस्करून खात बसले. आई म्हणाली, "हे जर्मनीवालीचे आहेत म्हणत होते." जर्मनीतल्या आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, भात शिजवणाऱ्या एका परक्या मुलीसमोर मी ढसाढसा रडले.

तरी एका वर्षाच्या रोटांनी काय होतं? ती मूठ मी बळजबरीने टाकली होती, आणि नानांनी फक्त देवीचं माप पुरं केलं होतं, हे मला कळत होतं. वर्षभर मी वॉर्डातल्या आजोबांना चमच्याने भरवताना नानांची आठवण काढत होते, पण फोनवर हा विषय कधी काढला नाही.

पुढच्या श्रावणात चुलतभावाने गहू मोजताना व्हिडिओ कॉल लावला. माझी दुपारची ड्यूटी होती, मी पलंगावरच बसून पाहत होते. पोत्यापाशी जाऊन हात घालायची सोय आता नव्हती. नानांचं नाव झालं, आबांचं झालं, काका, चुलतभाऊ. ते बाळ आता सुपातच हात घालत होतं, त्याचं झालं. नानांनी हात झटकले.

नाना गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले. अर्धे उठले, थांबले, आणि पुन्हा खाली बसले. फोनकडे बघितलंसुद्धा नाही. माझं नाव घेतलं आणि मूठ भरून गहू सुपात टाकला.

"यंदा बी मालेच खाना पडतीन," असं म्हणत त्यांनी वरची पाव मूठ टाकली.