कासवाचा सापळा अन् रुसलेला जावई

आता काय सांगू तुम्हाला, माझी अक्कल पाण्यात गेली ती नेमकी कुठं गेली, ते मी जागेसकट दाखवू शकतो. मुखेडच्या अलीकडं एका गावात माझ्या सासऱ्यांचं शेततळं आहे. बरोबर त्याच्या मधोमध! चहा घ्या, सांगतो.

यंदा अधिक महिना. आपल्याकडं अधिकात जावयाला धोंडे खायला बोलावतात. पुरणाचे धोंडे, वरून तुपाची धार अन् शेवटी आहेर. जावई म्हणजे साक्षात विष्णू! लातुरात दिवसभर कूलर दुरुस्त करणाऱ्या माणसाला कुणी विष्णू म्हणत असेल तर तो नको कशाला म्हणेल? दुकानाचं शटर ओढलं, बायकोला, म्हणजे सुनंदाला, गाडीवर मागं बसवलं अन् निघालो.

सासरी बघतो तर साडू आधीच हजर. धाकट्या मेव्हणीचा नवरा, लग्नानंतरचा पहिलाच अधिक. त्याचे धोंडे त्याच दुपारी झाले होते अन् बोटात कोरी करकरीत सोन्याची अंगठी! नव्या जावयाला अंगठी, माझ्यासारख्या जुन्याला पॅन्टपीस, असा आमच्या मामांचा रिवाज. मामा म्हणजे माझे सासरे. साडू अंगठीचाच हात सारखा मिशीवरून फिरवत होता. मला काही वाटलं का? छे! ...बरं, थोडं वाटलं. तुमच्यापुढं खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी चहाला मामांनी गाऱ्हाणं काढलं.

"तळ्यात मासे सोडलेत, जावईबापू, पण एक कासव शिरलंय. मासे तर खाऊनच राहिलंय, उद्या नखानं कागद फाडला की पाणी बी गेलं!"

शेततळ्याला तळापासून काठापर्यंत प्लास्टिकचा कागद असतो. तो फाटला की तळ्याचा खड्डा होतो.

"मारू नगा बरं," सासूबाई आतून ओरडल्या. "अधिक महिना हाय. देव हाय ते."

"मारतंय कोण, मामी? जित्तं धरतो अन् नदीत सोडतो. उद्या जेवायच्या आत कासव हजर!"

हे कोण बोललं? मीच बोललो!

"बघू की, साडूभाऊ," साडू म्हणाला अन् परत मिशीवरून हात फिरवला.

मग काय, इज्जतीचा सवाल! मामांच्या गोठ्यात एक मोडका कूलर होता. त्याची लोखंडी चौकट काढली, चार कोपऱ्यांना रिकामे कॅन बांधले, मधे जाळीची खोल टोपली सोडली अन् एका बाजूनं फळीचा उतार केला. कासव ऊन खायला फळीवर चढणार, खाऊच्या वासानं पुढं सरकणार अन् धप्पकन टोपलीत. खाऊ काय? अधिकात घरात मटण-मासळी बंद. मामींनी चव बघायला दिलेला दुपारचा एक धोंडा मी गपचूप खिशात घातला होता, तोच टोपलीवर टांगला.

अन् सकाळी बघतो तर कासव सापडलेलं! देवाशप्पथ! चांगलं परातीएवढं. टोपलीत बसून माझ्याकडं असं बघत होतं की जसं मीच त्याच्या घरात शिरलोय.

आनंदानं मी सापळा ओढायला वाकलो. कागदावर शेवाळ. पाय सटकला अन् मी सुर्रकन खाली, थेट छातीभर पाण्यात!

उन्हाळ्यानं पाणी खाली गेलेलं, काठ उंच. एक पाऊल चढलो की दोन पावलं खाली. तुम्ही म्हणाल, शेततळ्यात वर चढायला दोरी सोडलेली असते. असते ना! सापळ्याला कॅन बांधायला दोरी कमी पडली म्हणून तीच मी सोडून घेतली होती. फोन घरी चार्जिंगला अन् हाका मारल्या तर ऐकायला रानात कुणी नाही.

शेवटी दमून सापळ्यावरच चढून बसलो. पाय खाली सोडले तर कासवानं हातभर मान काढून पॅन्टच धरली. पाय वर घेतले, मांडी घातली अन् वाऱ्यानं सापळा हळूहळू तळ्याच्या मधोमध गेला.

जेवायची वेळ झाली तसे मामा शोधत आले. तळ्याच्या मधे जुना जावई मांडी घालून बसलाय, तोंड पाडलेलं, बोलत नाही, हलत नाही. याचा अर्थ आपल्या मुलखात एकच होतो!

"अगं ए!" मामांनी घराकडं हाक टाकली. "जावई रुसले!"

झालं! मामी आल्या, सुनंदा आली अन् सगळ्यांच्या मागून मिशीवर हात फिरवत साडू आला. मी तोंड उघडणारच होतो, पण त्याला बघितलं अन् परत मिटलं. या माणसापुढं सांगू, की मी माझ्याच सापळ्यात अडकलोय?

"जावईबापू, कामून रुसले?" मामा म्हणाले. "अंगठीचं वाईट वाटलं का?"

मी गप्प.

"बरं, तुम्हाला बी अंगठी करू!"

तेवढ्यात कासवानं खालून जाळीला ढुशी दिली, मी दचकलो अन् माझी मान जोरात हलली.

"न्हाई म्हणून राहिलेत," साडूनं अर्थ सांगितला.

"अंगठी अन् वर नवा फ्रीज?"

खरं सांगतो, मला मजा यायला लागली होती. आणखी थोडं बसलो असतो तर मोटारसायकल पण निघाली असती. पण मामींनी पदर डोळ्याला लावला.

"आमचंच चुकलं," त्या रडायला लागल्या. "दारचा विष्णू उपाशी बसलाय. तुम्ही जेवल्याबिगर मी बी जेवणार न्हाई."

सख्ख्या आईसारखी माया करणारी बाई ती. अंगठी गेली खड्ड्यात!

"मामी, रडू नगा! मी रुसलो न्हाई! मला वर येताच येईना झालंय!"

मग पहिल्यांदा कोण हसलं असेल? माझी बायको!

मामांनी बैलाचा कासरा आणून फेकला. मी तो चौकटीला बांधला अन् सगळ्यांनी मला सापळ्यासकट वर ओढलं. वर येताना टोपली कलंडली, कासव आरामात पाण्यात उतरलं अन् लोखंडी चौकटीनं काठाचा कागद टराटरा फाडला. त्या बिचाऱ्या कासवानं जे कधी केलं नव्हतं ते मी करून दाखवलं!

"मामा, मग अंगठीचं?" मी अंग पुसता पुसता हळूच विचारलं.

मामांच्या आधी साडूच बोलला, "अंगठी रुसलेल्याला आसती, साडूभाऊ. फसलेल्याला न्हाई."

जेवण झालं. आहेराच्या ताटात पॅन्टपीस होताच, अन् त्यावर हळदीकुंकू लावून तोच कासरा ठेवलेला. मामांची मस्करी, दुसरं काय!

सुनंदानं तो लातुरात गॅलरीत बांधलाय, गोधड्या वाळवायला. परवा शेजारीण म्हणाली, "वैनी, दोरी लई मजबूत दिसती!"

"हाव," आमच्या मंडळी म्हणाल्या, "ह्यांना वढून बघितल्यावरच आणलीय."