नवा खुबा आणि आत्याचे पाय

एकतीस वर्षे मी आर्णीच्या एका शाळेत पोरांना व्यायाम शिकवला आणि त्यातला एकही स्वतः केला नाही.

शिट्टी तोंडात, छडी बगलेत आणि मी कडुलिंबाच्या सावलीत, असा आमचा पीटीचा तास असे. "गुडघे वर! अजून वर!" एवढेच काय ते माझे कष्ट. त्यामुळे निवृत्तीनंतर दोन वर्षांत डावा खुबा झिजला तेव्हा बायको म्हणाली, "वापरला असता तं झिजला नसता." डॉक्टरांनी तिला समजावले की हा आजार आहे, त्याचा आळसाशी संबंध नाही. पण आमच्या घरात डॉक्टरचे कोण ऐकतो! नागपूरला ऑपरेशन झाले, नवा खुबा बसला आणि मी वॉकर धरून घरी आलो तो तीन बंद्या घेऊन. खाली मांडी घालून बसायचे नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि कमरेतून काटकोनाच्या पुढे वाकायचे नाही.

व्यायाम घ्यायला घरी यायची ती फिजिओथेरपिस्ट पल्लवी. माझीच विद्यार्थिनी. आठवी ते दहावी, पीटीच्या प्रत्येक तासाला हिचे पोट दुखायचे आणि मी भर मैदानात म्हणायचो, "पल्लवीचं पोट म्हणजे शाळेचं घड्याळ. पीटीचा टोल पडला की बरोबर दुखते." (शिक्षकाने विनोद जपून करावेत. विद्यार्थी मोठे होतात.)

"सर, पाय बाजूला उचला. दहा वेळा."

सहाव्या वेळी मी म्हणालो, "आज जरा पोटात..."

"दुखते का सर?" ती फार गोड हसली. "मग वीस करू."

तरी मी चुकवायचोच. तिची स्कूटी गल्लीच्या वळणावर गेली रे गेली की मी वॉकरवर टॉवेल वाळत घालायचो आणि पेपर उघडायचो. संध्याकाळचा व्यायाम झाला का म्हणून बायकोने विचारले की "तू देवपूजा करत होतीस तेव्हा केला" हे उत्तर तयार. असे सहा महिने सुखाने गेले असते. पण राळेगावहून आत्या मला पाहायला आली.

मी सात वर्षांचा असताना आई गेली. त्यानंतर मला वाढवले ते वडिलांच्या या थोरल्या बहिणीने. आता ती शहाऐंशीची आहे. कंबर ताठ, दात स्वतःचे, आणि घरातल्या धाकट्यांनी पाया पडल्याशिवाय ती त्यांच्या घरचे पाणी घेत नाही. मी उंच खुर्चीत बसलो होतो. तिथूनच हात जोडले.

"आत्या, नमस्कार."

आत्या पावले जुळवून माझ्यासमोर उभी राहिली. वाट पाहू लागली.

"डॉक्टरनं वाकाले मना केलं आत्या," मी म्हणालो.

"नवा खुबा बसोला ना?"

"हाव."

"नवं चाक बसोलं तं बंडी धावाले पाह्यजे. तुही तं उभीच राह्यली."

आत्या चहा न घेता निघाली आणि दारातून बायकोला म्हणाली, "अश्विनीच्या हयदीले मले बोलावू नोको. ज्याच्यात पाया पडाचा जोर नाई, त्याच्या पोरीले मी हयद कायले लावू?"

अश्विनी माझी मुलगी. तिचे लग्न दोन महिन्यांवर आले होते. आमच्या घराण्यात नवरीला पहिली हळद या आत्याच्याच हातची लागते, आणि आत्या नाही म्हणाली की नाही. अश्विनीने नोकरीच्या गावाहून फोनवर सांगितले, "बाबा, आत्याआजी आली नाही तर मी हळदीच्या पाटावर बसणारच नाही." दोघींमध्ये रक्ताचे नाते आहे, हे तेव्हा फार स्पष्ट झाले.

खरे सांगायचे तर पोरीपेक्षा मलाच जास्त लागले होते. परीक्षा असो की नोकरीचा पहिला दिवस, त्या पायांना हात लावल्याशिवाय मी कधी उंबरा ओलांडला नव्हता. दोन दिवस मला जेवण गोड लागले नाही. तिसऱ्या दिवशी पल्लवी आली तशी मी म्हणालो, "मला पाया पडायला शिकव."

"कोणाच्या?" तिने डोळे बारीक केले. तिला वाटले, जुन्या पापांची माफी मागतो आहे.

सगळे ऐकून ती विचारात पडली. मग म्हणाली, "होईल सर. पण लगेच नाही. आधी पायात ताकद आणू. मग एका हातानं पक्कं काहीतरी धरायचं, ऑपरेशनचा पाय सरळ ठेवून मागे उचलायचा आणि अंग पुढे झुकवायचं. पाय जेवढा मागे वर जाईल तेवढं डोकं खाली. खुब्याला वाक पडत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी व्यायाम केला. सकाळी वीस, संध्याकाळी वीस. सहा आठवड्यांत वॉकर सुटला, काठी आली आणि पल्लवीने नमस्काराच्या सरावाला परवानगी दिली. पलंगाचा कठडा धरून मी झुकायचो आणि समोर आत्या म्हणून बायको उभी राहायची. पहिल्या दिवशी ती लाजली. तिसऱ्या दिवशी आशीर्वाद देऊ लागली. आठव्या दिवशी म्हणाली, "आज अठराच झाले. मी मोजून राह्यली."

समोरच्या काकूंना त्यांच्या खिडकीतून एवढेच दिसत होते, की मास्तर रोज सकाळी बायकोच्या पाया पडतात आणि ती काही केल्या माफ करत नाही. बातमी गल्लीभर झाली. किराणा दुकानदाराने साखर पुड्यात भरता भरता हळूच विचारले, "काय जी सर, मामला मोठा होता काय?"

शेवटी एका रविवारी उंच सीटची गाडी ठरवून आम्ही नवराबायको राळेगावला गेलो. आत्याच्या बैठकीच्या खोलीत अर्ध्या जागेत तिचा पलंग आणि उरलेल्या अर्ध्यात छताला टेकलेला कापूस. (भाव वाढेल म्हणून आत्याचा मुलगा विनूदादा थांबला होता. तो दरवर्षी थांबतो.) आत्या पलंगाच्या काठावर पाय सोडून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि तोंड कापसाकडे फिरवले. "आत्याबाई, फरशी थंड आहे," असे म्हणत बायकोने तिच्या पायांखाली एक पाट सरकवला. तेवढीच मला चार बोटांची सूट.

मी काठी भिंतीला टेकवली. डाव्या हाताने पलंगाचा कठडा घट्ट धरला. आत्या आता चोरून बघत होती. मी श्वास घेतला, पाय मागे उचलला आणि झुकलो. पाय वर गेला, डोके खाली गेले, पल्लवीने सांगितले होते अगदी तसे. उजवा हात आत्याच्या अंगठ्याला लागला, आणि नेमक्या त्याच क्षणी माझी टाच कशाला तरी खालून लागली.

तो चहाचा ट्रे होता. ट्रेमागे विनूदादा होता. "घ्या, पाहुणे आले, च्या घ्या," असे म्हणत तो आतल्या दारातून थेट माझ्या पायाच्या रस्त्यात आला होता. चार कप वर उडाले. त्यांना चुकवत विनूदादा एक पाऊल मागे गेला, दोन गेला, आणि तिसऱ्याला मागे जमीन नव्हती, कापूस होता. तो बसला तसा वरचा ढीग सावकाश त्याच्यावर आला. बाहेर फक्त दोन पाय आणि रिकामा ट्रे राहिला.

"अवो, दाबला ना तो!" म्हणत बायको कापूस उपसायला धावली. विनूदादाची बायको धावली. गाडीचा ड्रायव्हर धावला. आणि मी? मी एका पायावर, हवेत आडवा, तसाच. आता खाली यायचे कसे, हे शिकवायचे पल्लवी विसरली नव्हती. घाबरून मीच विसरलो होतो. उभा पाय लटलट कापू लागला.

तेवढ्यात माझ्या दोन्ही खांद्यांवर दोन हात आले.

"घाबरू नोको बापू," आत्या म्हणाली. "आंधी पाय खाली ठेव. मंग डोकं वर घे. हयूहयू. मी धरलं तुले."

बापू हे माझे लहानपणचे नाव. एकतीस वर्षे हजारो पोरांना आज्ञा देणारा मी, शहाऐंशी वर्षांच्या बाईने सांगितले तसा पाय खाली ठेवला आणि डोके वर घेतले. माझ्या डोळ्यांत पाणी होते. पल्लवीच्या व्यायामाने ते आले, असे मी नंतर सगळ्यांना सांगितले.

इकडे कापसातून विनूदादा निघाला. केसांत, मिशीत, कानांत कापूस. त्याला पाहून आत्या अशी हसली, अशी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. मग माझ्याकडे वळली.

"पायात येवढा जोर हाये, अन् मले सांगे वाकता येत नाई! विनू, दुसरा च्या मांड. अन् हयद दयून आणली का नाई अजून? मले दोन दिस आंधीच न्या, तुमच्या भरोशावर काई होत नाई."

आत्या दोन दिवस आधी आली आणि पहिली हळद तिनेच लावली. अश्विनी पाटावर बसून रडली, मी उभ्याने रडलो. मग मी आत्याच्या पाया पडायला पुढे झालो आणि समोरच्या खुर्चीची पाठ धरली. आत्याने हात वर करून भर मांडवात आवाज दिला, "मांगचे हटा रे! बापू पाया पडून राह्यला."

एकतीस वर्षे शिट्टी फुंकून मला पोरांची एक रांग सरळ मागे सरकवता आली नाही. त्या दिवशी मी पाय नुसता हलवला आणि अख्खा मांडव एका ओळीत भिंतीला जाऊन टेकला. विनूदादा तर रस्त्यावर पोचला होता. सगळ्यांच्या मागे पल्लवी पोट धरून हसत उभी होती, आणि पहिल्यांदाच मला तिच्या पोटदुखीबद्दल शंका आली नाही.